दरवाढीचे पेढे

"घ्या, पेढा घ्या!" तहसील कचेरीबाहेर छत्रीखाली बसणारे नोटरी खांबेटे वकील आज येईल त्याच्या हातावर पेढा ठेवत होते. नोटरींनी वर्षानुवर्षं निवेदनं दिल्यावर, धरणं धरल्यावर अखेर सरकारने नोटरीच्या फीची मर्यादा वाढवली होती. प्रतिज्ञापत्राला आता चक्क शंभर रुपये! खांबेट्यांनी हौसेने रंगवून घेतलेला दरफलक टेबलापुढे टांगला होता. जुन्या दराचा फलक त्यांनी कधी लावलाच नव्हता.

रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायला आलेल्या अनसाबाईंनी पेढा तोंडात टाकला, फलक सावकाश वाचला आणि प्रतिज्ञापत्रावर शिक्का उमटताच शंभराची नोट पुढे केली.

"अहो, दोनशे," खांबेटे सवयीने बोलून गेले. "नेहमीचेच."

अनसाबाईंनी फलकाकडे बोट दाखवलं. मागची अख्खी रांग माना उंचावून फलक वाचू लागली. खांबेट्यांनी नोट घेऊन खिशात घातली.

"असू द्या वकीलसाहेब, इसरला असाल," म्हणत अनसाबाई रांगेकडे वळल्या. "लई मोठ्या मनाचा माणूस! फी निम्मी केली, वर पेढं बी वाटतोय!"