कोरडी होडी

होडीत बसलेल्या पाहुण्या बाईंनी आधी चप्पल हातात घेतली, मग पाय वर घेतले. "काका, पाणी येतंय खालून." बाबलने फळ्यांकडे पाहिलं. साऱ्या सांध्यांतून समुद्र आत झिरपत होता. त्याने होडी किनाऱ्याकडे वळवली.

पर्यटक फिरवायचा परवाना कालच हातात पडला होता. दिवाळीत अर्ज केला तेव्हा साहेब म्हणाले होते, तपासणीला येईपर्यंत होडी रंगवून किनाऱ्यावर ठेव. बाबलने मासेमारी सोडली, जाळी भावाला दिली, होडीला निळा रंग दिला. साहेब आज येतील, उद्या येतील, असं करता करता शिमगा उलटला. लाकडी होडी उन्हात उभी असली की तिच्यावर रोज खारं पाणी मारायचं, नाहीतर फळ्या सुकून सांधे उघडतात, हे त्याला बापाने शिकवलेलं.

"तिच्यार पाणी मारूक नको काय ओ?" बायको, शालन, विचारायची.

"नको. रंग जातलो. सायब नापास करतले."

साहेब आले ते थेट मे महिन्यात. गाडीतून उतरलेही नाहीत. लांबूनच होडी पाहिली आणि सही करून गेले.

पाहुणे उतरून शेजारच्या फायबरच्या बोटीत जाऊन बसले. बाबल डबडं घेऊन पाणी उपसू लागला. फळ्या फुगून सांधे मिटायला आठवडा तरी हवा होता, आणि रविवारी सीझन संपत होता.

शालनने त्याच्या हातातलं डबडं काढून घेतलं.

"ऱ्हवांदे," ती म्हणाली. "पिवांदे तिका पाणी. तान्हेली आसा ती."