तक्रारीतला माणूस

"इथे एक माणूस डांबून ठेवलाय, अशी तक्रार आहे," बाई म्हणाल्या आणि मुकादमाच्या घशातला चहा तिथेच अडकला.

बाई मोठ्या कचरा कंपनीकडून आल्या होत्या. या शेडमध्ये निवडून, दाबून, गठ्ठे बांधलेलं प्लास्टिक तीच कंपनी विकत घ्यायची. आपल्याला माल देणाऱ्यांकडे कुणाला जबरदस्तीने राबवलं जातंय का, हे बघणं हे बाईंचं काम. न कळवता आल्या होत्या आणि नेमके मालक बाहेर गेलेले.

"आमच्याकडे? डांबून?" मुकादमाने ठसका आवरला. "काहीतरी गफलत झालीय, बाई. नाव काय त्या माणसाचं?"

"ते शेवटी सांगते. आधी सगळ्यांना भेटू द्या."

मालकांना कळवायला हवं होतं. पण मालक गेले की ऑफिसला कुलूप, आणि फोन आत. केस काळे होते तेव्हापासून तो ही शेड सांभाळत होता. कोणता ट्रक कधी येणार, सरकत्या पट्ट्याशी कोण कुठे उभं राहणार, सगळं त्याच्या डोक्यात. आणि त्याच्या नाकाखाली कुणी कुणाला कोंडून ठेवलं नि त्याला पत्ताच नाही? तसं असेल तर थू आपल्या मुकादमकीवर, असं त्याला वाटून गेलं.

बाई आधी पट्ट्याकडे गेल्या. बाटल्या, डबे, पिशव्या सरकत होत्या आणि बायका हातमोजे घालून निवडत होत्या. मुकादम लांब उभा राहिला, पण त्यांच्यातल्या काकूंचा आवाज यंत्राला भारी पडणारा. त्याला शब्दन् शब्द ऐकू आला.

"ओळखपत्र? माझ्या पिशवीत. दुसऱ्याच्या हाती देते काय मी? नवऱ्यालासुद्धा देत नाही!"

बायका खिदळल्या. मुकादमही हसला. त्याचं स्वतःचं ओळखपत्र मालकांच्या कपाटात निवांत होतं, हरवायची भीतीच नाही. ज्याची त्याची तऱ्हा.

"आणि उद्या काम सोडावंसं वाटलं तर?" बाईंनी विचारलं.

"सोडेन की! पण मग या मुकादमाला धाक कोण घालणार?"

पुढे गठ्ठे दाबायचं यंत्र. ते चालवणाऱ्याला सगळे पैलवान म्हणत, कारण फुंकर मारली तर उडेल अशी त्याची तब्येत.

"मी तर मधे सोडून गेलो होतो," पैलवान छाती फुगवून म्हणाला. छाती फारशी फुगली नाही. "मुकादमांनीच निरोप धाडला, ये रे बाबा, तुझ्यावाचून यंत्र रुसलंय."

मुकादमाला जरा हायसं वाटलं. आता राहिला मौनी.

मौनी कुणाशी बोलत नसे. मान हलवायची, खाली घालायची, काम करायचं. हाच तर नसेल? इतके दिवस याला आपण कधी नीट विचारलंसुद्धा नाही, कसा आहेस बाबा म्हणून. बाईंनी मौनीला अंगणात नेलं. आधी मौनीने मान हलवली. मग तोंड उघडलं. आणि मग तो बोलायलाच लागला, हातवारे करून, थांबेचना.

बाई परत आल्या त्या हसत. "घरी बायको, सासू आणि चार मुली आहेत म्हणे. तिथे शब्द काढायला जागा मिळत नाही आणि इथे कुणी विचारत नाही. आज मी विचारलं, तर धरणच फुटलं."

"बरा आहे ना तो?"

"ठणठणीत."

"कधी वाटलं नव्हतं याला पाहून इतका आनंद होईल," मुकादम म्हणाला आणि खरोखरच मौनीच्या पाठीवर थाप मारून आला. मौनी दचकला.

"वर कोण राहतं?" बाईंनी जिन्याकडे बोट दाखवलं.

"मीच," मुकादम घाईने म्हणाला.

बाई वर चढल्या. छोटीशी खोली. एक गादी, एक ताट, खिळ्याला शर्ट. बाहेर पडताना बाईंनी दाराला हात लावला. "कडी बाहेरून आहे."

"आधी इथे माल ठेवायचे," तो म्हणाला आणि नजर वळवली.

बाई कडीकडेच बघत राहिल्या. त्यांचा विश्वास बसला नाही, हे त्याला स्पष्ट दिसलं. इथे दुसऱ्याच कुणाला ठेवतात आणि मी लपवतोय, असं वाटलं की काय यांना?

"खरंच माझीच खोली आहे, बाई. शपथेवर सांगतो."

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या.

खाली जेवणाची सुट्टी झाली होती. फाटक सताड उघडं. काकू बायकांचा घोळका घेऊन बाहेर निघाल्या होत्या, पैलवान शीळ घालत सायकलवर टांग टाकत होता, मौनी अजूनही कुणालातरी काहीतरी सांगत चालला होता. मुकादम त्यांच्याकडे डोळे भरून बघत राहिला. एकेक माणूस आपल्या पायांनी बाहेर पडत होता, कुणी अडवत नव्हतं. तो एका गठ्ठ्यावर मटकन बसला. जीव भांड्यात पडला होता.

"एकूण एक माणूस बघितलात," तो म्हणाला. हसताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुणीच डांबलेलं नाही. सुटलो बुवा! खोटीच होती ना तक्रार?"

बाई त्याच्या शेजारी, त्याच गठ्ठ्यावर बसल्या.

"तक्रार तुमच्या ताईंनी केलीय," त्या हळूच म्हणाल्या. "बाहेर गाडीत बसल्या आहेत, तुम्हाला घरी न्यायला."