खालचं चित्र

जिल्ह्यातल्या चित्रकारांसाठीचा पुरस्कार म्हाताऱ्याच्या हाती देऊन परीक्षकबाईंनी त्याच्या नदीच्या चित्रावर बाजूने बॅटरी मारली. “पाण्याखालचे हे उंचवटे बघा! यांच्यामुळेच नदी जिवंत झालीय. कसे जमवलेत हो?” म्हाताऱ्याने वाकून चित्राकडे पाहिलं. त्याने उंचवटे काढलेच नव्हते. स्पर्धेच्या तोंडावर घरातला कॅनव्हास संपला, तेव्हा बायकोने आपल्या एका चित्रावर पांढरा रंग फासून ते त्याला दिलं होतं. “माझं काय, फावल्या वेळचा चाळा. तुमचं अडायला नको.” निकाल लागायच्या आत ती गेली. “उंचवटे माझे नाहीत,” तो कसाबसा म्हणाला. “खाली आमच्या हिचं चित्र आहे.” टाळ्या थांबल्या. बाईंनी हळूच विचारलं, “कशाचं होतं?” म्हाताऱ्याने नदीवर तळवा टेकवला आणि अंधारात कडी शोधावी तसा चाचपत राहिला. “‘एकदा बघा,’ म्हणाली होती. मी मानच वर केली नाही.”