मोरेमीची तयारी

मैत्रेयीने तिसऱ्यांदा मोबाइल पालथा ठेवला.

"ऐकतेयस ना?" अदितीने विचारलं.

"हो, बोल. टायरमधली हवा कमी करायची."

"वाळू लागायच्या आधी. रुतल्यावर नाही. आणि चारही टायरची."

सिंगापुरात, तांजोंग पगारच्या हॉकर सेंटरमध्ये खाण्याच्या ठेल्यांवर जेवणाच्या वेळची गर्दी होती. दोघींची ऑफिसं जवळच, मैत्री नऊ वर्षांची. दोन वर्षांपूर्वी अदिती आणि तिचा नवरा रुचिर बोट्स्वानाला गेले होते. भाड्याची लँड क्रूझर, टपावर तंबू, बारा दिवस जंगलातून स्वतः गाडी चालवत. आता शनिवारी मैत्रेयी तिकडेच निघाली होती, बहिणीला, अनघाला घेऊन. तिने विचारलं आणि अदिती जुने नकाशे घेऊन आली.

"अनघा चालवेल ना वाळूत?"

"चालवेल. तिला सवय आहे."

"संत्री अजिबात नेऊ नका. हत्तींना वास आला तर गाडीची काच राहत नाही. आणि अंधार पडला की तंबूतून खाली उतरायचं नाही, काहीही झालं तरी."

मैत्रेयीने मान हलवली. तिच्यासमोरचा भात तसाच होता. चमचा तेवढा या कडेचा त्या कडेला जात होता.

"घाबरलीस?"

"थोडी. मोरेमीच्या जंगलात कॅम्पला कुंपण नसतं म्हणे."

"नसतं. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. चौथ्या दिवशी परत यावंसं वाटेना."

अदितीने टेबलाखालून एक फुगलेली पिशवी काढली. आत दोन स्लीपिंग बॅग होत्या.

"जुलैत पहाटे बोटं बधिर होतात. यांच्या चेन एकमेकींना जोडल्या की एकच मोठी होते."

"कशाला गं? आम्ही वेगवेगळ्याच वापरू."

"राहू दे बरोबर. माझ्याकडे नुसत्या पडून आहेत."

ट्रे गोळा करणारी आंटी आली. तिने भाताकडे बोट दाखवलं. मैत्रेयीने मानेनेच 'न्या' म्हटलं.

"तू काय करणार या दिवसांत?" तिने अदितीला विचारलं.

"काही नाही. रुचिरही लंडनला चाललाय कामासाठी. घर आवरीन."

मैत्रेयीने घड्याळ पाहिलं. "मला निघायला हवं. दीडची मीटिंग आहे. तुला उगाच त्रास दिला."

"त्रास कसला. एकच सांगायचं राहिलं."

अदितीने नकाशांची नीट घडी घातली, पिशवीत सरकवली आणि पिशवी मैत्रेयीच्या हातात दिली.

"गाडी एकदा तरी रुततेच. तेव्हा सूचना देत बसू नकोस. पाच मिनिटं एकटं सोडलं की शांत होतो रुचिर."