ठिपका नसलेली वस्ती

घोडनदीकाठच्या गावात पथदिवे कुठं लावायचे हे ग्रामसभेत नकाशावरून ठरत होतं. बिबट्या दिसला की गावकरी ॲपवर नोंद करत आणि नकाशावर ठिपका उमटे. उसालगतची वस्ती मात्र कोरी होती. "तिकडं धोका नाही," ग्रामसेवक म्हणाले. वस्तीवरची नकुशी उठली. "साहेब, आमच्याकडं फोन न्हाई. बिबट्या हाय." कुणीतरी हसलं. दिवे गावातच लागले. महिन्याभरात नवे ठिपके थांबले, गाव निर्धास्त झालं. नोंदी तपासणाऱ्या सारिकाला एकच प्रश्न पडला, उजेड टाळून तो गेला कुठं? एका सकाळी ती वस्तीवर गेली. नकुशीनं पाटाकडच्या ओल्या मातीतला ठसा दाखवला. सारिकानं फोटो काढला. "मावशी, कधीचा?" "कालचा," म्हणत नकुशी थबकली. पलीकडं दुसरा ठसा होता; त्यात पाणी अजून झिरपत होतं. तिनं सारिकाचा दंड धरला. "हा आत्ताचा. पळू नको."