खांद्यावरून जाणारे मत

“हं, उचला!” नगरपालिकेच्या आगीच्या बंबवाल्यांचा मुकादम म्हणाला आणि आत्याची खुर्ची चौघांच्या खांद्यांवर गेली.

“निघाली आत्याची वरात!” जिन्याखाली जमलेल्यांतून कुणीतरी ओरडले. लोक हसले. आत्याही हसली. दर मतदानाला ती हाच विनोद ऐकत आली होती. आज मात्र मतदान नव्हते. नगरपालिकेची इमारत बघायला केंद्र सरकारकडून साहेब आले होते.

तळमजल्यावर पाणी शिरायचे, म्हणून मतदान वरच्या सभागृहात व्हायचे. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्यासाठी एक उतार बांधायचा, बसून शिक्का मारता येईल असे बुटके टेबल करायचे, आणि जमलेच तर पाणी उपसायला पंप घ्यायचा. एवढ्यासाठी नगरपालिकेने केंद्र सरकारकडे निधी मागितला होता. मिळणे न मिळणे साहेबांच्या शेऱ्यावर होते.

आत्या लोकांचे कपडे शिवायची, हाताने फिरवायच्या मशीनवर. पाय लहानपणीच गेले होते. तिच्याहून मोठी माणसेही तिला आत्याच म्हणत. शाळेत एका वर्गात तिच्या शेजारी बसलेले नगराध्यक्षही.

नगराध्यक्ष आज नुसते फुलले होते. ही खुर्ची साहेबांना दाखवायची कल्पना त्यांचीच. तिचे लाकडी दांडे त्यांनी मुद्दाम रंगवून घेतले होते.

“बघा साहेब! आमच्याकडे एकही माणूस मताविना राहत नाही. मतदानाच्या दिवशी हे गडी दारोदार फिरतात. म्हातारी, आजारी, अधू, सगळी माणसं फुलासारखी उचलून आणतात.”

साहेबांनी जिना पाहिला, खुर्ची पाहिली. “उत्तम व्यवस्था आहे,” ते म्हणाले. “मग निधी कशाला हवा? जिथं असली माणसं मतदानाला पोचतच नाहीत, अशी किती गावं माझ्याकडे मागणी करताहेत. आधी त्यांना द्यायला नको?”

आणि त्यांनी कागद बॅगेत घातले.

नगराध्यक्षांचा चेहरा खर्रकन उतरला. पाहुणा आला की फाटकी सतरंजी लपवायची, चांगली तेवढी अंथरायची. त्या सवयीनेच घात केला होता.

“तसं नाही साहेब... अडचण आहेच. जिना अरुंद, कधी एखादा गडी घसरतो...”

“आमचा गडी?” मुकादम खुर्चीचा दांडा धरूनच उसळला. “उभ्या जन्मात कुणी घसरला नाही, साहेब!”

नगराध्यक्षांनी कपाळावर हात मारला.

“मला खाली ठेवा,” आत्या म्हणाली.

गड्यांनी खुर्ची पहिल्या पायरीशी टेकवली.

“साहेब, ही पोरं सोन्यासारखी आहेत. माझं वजन वाढतच चाललंय, पण एकानं कधी हूं की चूं केलं नाही. पण ही पोरं नगरपालिकेची. आणि नगरपालिका ह्यांची.” तिने नगराध्यक्षांकडे मान वळवली. “ह्यांच्या माणसांच्या खांद्यावर बसून वर जायचं, आणि वर जाऊन ह्यांच्याच विरोधात शिक्का मारायचा. तुम्हाला जमेल? मला नाही जमलं. एकदाही नाही.”



“म्हणजे मला मत देत होतीस ते...” नगराध्यक्ष हळूच म्हणाले.

“मिंधी होते म्हणून. रागावू नकोस. एरवीही तुलाच दिलं असतं कदाचित. पण ते मला कधी कळलंच नाही ना.”

नगराध्यक्ष रंगवलेल्या दांड्यांकडे पाहत राहिले.

साहेबांनी घसा साफ केला. “बाई, तुमचं म्हणणं पटतंय. पण शेऱ्यात हे कसं लिहू? मला डोळ्यांना दिसेल तेच लिहिता येतं.”

“मग बघा.”

आत्या खुर्चीवरून सरकून पायरीवर बसली. जिन्याकडे पाठ केली, दोन्ही तळवे वरच्या पायरीवर रोवले आणि अंग वर ओढून घेतले. पाय मागून फरफटत आले. मग पुढची पायरी. मुकादम धावला.

“थांब!” नगराध्यक्षांचा आवाज फाटला. “कुणीही हात लावायचा नाही.”

“अहो, पण आत्या...”

“सांगितलं ना!”

आत्या पाठमोरी चढत होती, त्यामुळे सगळ्यांची तोंडे तिला समोर दिसत होती. साहेब एका पायरीचं अंतर ठेवून मागून येत होते. मुकादम भिंतीकडे बघत होता. वळणावर तिचे कोपर खरचटले. तिने त्याच्यावर फुंकर मारली आणि पुन्हा तळवे रोवले. दंडांना कापरे भरले होते. मध्येच एकदा ती थांबली, तेव्हा साहेबांचा हात आपोआप पुढे आला. तिने मान हलवली. हात मागे गेला.

शेवटी ती सभागृहाच्या उंबऱ्यावरून आत सरकली. जिन्यातून टाळ्यांचा कडकडाट झाला. मुकादमाने तर शिट्टीच मारली.

“टाळ्या राहू द्या,” आत्या धापा टाकत म्हणाली. “अजून मत कुठं दिलंय मी?”

साहेबांना दाखवायला मतदानाचे उंच टेबल मांडून त्यावर मतपेटी ठेवली होती. ती सरकत सरकत टेबलापाशी गेली.

“साहेब, जरा इथं बसता? माझ्या शेजारी. खाली.”

साहेबांनी मागेपुढे पाहिले. मग पँट गुडघ्यांशी वर ओढून ते फरशीवर बसले. त्यांच्या पलीकडे नगराध्यक्षही बसले.

तिथून तिघांनाही टेबलाची खालची फळी दिसत होती. मतपेटी दिसत नव्हती.