चंद्र दिसेपर्यंत

संकष्टीचा चंद्र दिसल्याशिवाय स्वयंपाकघराचं दार उघडायचं नाही, ही शालनताईंनी स्वतः लिहिलेली पहिली अट. माणसांच्या आवाजांच्या नकला होऊ लागल्यापासून यंत्रांवर चालणारी घरं तोंडी नाही, फक्त लिहिलेले हुकूम मानत. म्हणून सत्तरीतही घराला कळणारी वेबची भाषा पहिल्या धड्यापासून शिकणं आलं. त्यांचे यजमान वामनराव उपासाला चोरून खातात, म्हणून गृहपाठ त्याचाच करू, असं त्यांना वाटलं होतं. आता आभाळ भरून आलं होतं, गच्चीवरच्या कॅमेऱ्याला चंद्र दिसत नव्हता आणि मोदकांसकट त्या आत अडकल्या होत्या.

"साखर उतरतेय गं," दाराबाहेरून वामनराव म्हणाले. "हात थरथरताहेत."

"खिशात खडीसाखर नाही का?"

"तो सदरा तू धुवायला टाकलास. अट काढून टाक ना."

"ती कशी काढायची, तो पुढचा धडा आहे."

"मग चंद्र दिसला म्हणून लिही. गणपतीलाही भूक कळते."

व्रताच्या दिवशी शालनताई कधी खोटं बोलल्या नव्हत्या. फोन हातात धरून त्या उभ्या राहिल्या. बाहेर काहीतरी धपकन पडलं. त्यांनी 'चंद्र दिसला: खरं' असं लिहिलं.

दार उघडलं. भिंतीला टेकून खाली बसलेल्या नवऱ्याच्या तोंडात त्यांनी साखर घातली, पुढ्यात मोदक ठेवले. थरथर थांबेपर्यंत त्या शेजारी बसून राहिल्या.

"तूही खा आता," ते म्हणाले.

शालनताईंनी फोन उचलला आणि 'खरं'च्या जागी 'खोटं' लिहिलं. दार पुन्हा बंद झालं. त्यांचं ताट आतच राहिलं.